लाल रेघ कुठे गेली?

(गोंदिया येथे युवक-युवतींच्या कार्यशाळेत केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



निवेदन कसं लिहायचं, माहिती अधिकाराचा अर्ज कसा करायचा, हे सकाळच्या सत्रात झालं. माझा विषय त्याच्या पुढचा आहे आणि थोडा रुक्ष आहे. एकाने लिहिलेल्या मसुद्यावर चार-पाच जणांचे हात फिरतात. तेव्हा कोणी काय घातलं, कोणी काय खोडलं, याची नोंद वर्डमध्ये राहावी म्हणून ट्रॅक चेंजेस नावाची सोय आहे. ती का बिघडते आणि बिघडली की काय करायचं, एवढंच मला सांगायचं आहे. मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो म्हणून गावाकडून मला याचेच फोन जास्त येतात. "भाऊ, मी दुरुस्त्या केल्या होत्या, आता दिसतच नाहीत." "मी एक शब्द बदलला आणि अख्खं पान लाल झालं." "पाच जणांनी काम केलं, पण सगळ्या दुरुस्त्यांवर नाव एकाचंच येतंय."

तुमच्यापैकी ज्यांच्या घरी धानाची शेती आहे, त्यांना ही पद्धत आधीच माहीत आहे. तिकडे तिला फेरफार म्हणतात. सातबाऱ्यावर आजोबांचं नाव आहे, ते वारले, आता वारसांची नावं लावायची आहेत. तलाठी आजोबांचं नाव खोडरबराने पुसून टाकत नाही. आधी गाव नमुना सहामध्ये, म्हणजे फेरफार नोंदवहीत, नोंद होते आणि तिला क्रमांक पडतो. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १५० प्रमाणे संबंधितांना नोटीस जाते, हरकतीसाठी १५ दिवस मिळतात, आणि मग मंडळ अधिकारी ती नोंद मंजूर करतो किंवा रद्द करतो. सातबाऱ्यावर जुनं नाव कंसात जातं, नव्या नावाशेजारी फेरफाराचा क्रमांक येतो. वारसनोंदीतून एखाद्या बहिणीचं नाव गळलं, तर तिचा मुलगा वीस वर्षांनी कुठून शोध सुरू करतो? त्या क्रमांकापासूनच.

वर्डमध्येही तेच तीन टप्पे आहेत. कोणी शब्द घातला किंवा खोडला, ती झाली नोंद. ती लाल दिसते तोवर प्रलंबित फेरफार समजा. ॲक्सेप्ट किंवा रिजेक्ट दाबणारा माणूस म्हणजे मंडळ अधिकारी. फरक इतकाच, की मंजुरीनंतर फेरफार नोंदवही जागेवर राहते. वर्डमध्ये ॲक्सेप्ट दाबलं की नोंदच जाते. म्हणून ॲक्सेप्ट करण्यापूर्वी लाल रेघांसह असलेली प्रत वेगळ्या नावाने जपून ठेवायची. आपल्याकडे फायलींना नावं कशी असतात ते मी पाहिलंय: अंतिम, अंतिम २, अंतिम खरं, अंतिम खरं सलीमभाईचं. नावात तारीख घाला, वर्ष आधी, मग महिना, मग दिवस. फायली आपोआप क्रमाने लागतात.

आता आपल्याच जिल्ह्यातली एक गोष्ट. तालुक्याच्या ठिकाणची एक संस्था आहे, नाव घेत नाही. महाराष्ट्रात अशा संस्था बहुधा दोन कायद्यांखाली नोंदतात, १८६० चा संस्था नोंदणी कायदा आणि १९५० चा सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा. त्यामुळे नियमावलीतला एकेक शब्द पुढे धर्मादाय कार्यालयात, भांडण झालं तर कोर्टात, वाचला जातो. या संस्थेने नियमावली नव्याने लिहायला घेतली. मसुदा समितीत एक तरुण मुलगी होती, बी.कॉम. झालेली. समितीने ठरवलेलं वाक्य असं होतं: "कार्यकारी मंडळात किमान तीन महिला सदस्य असतील." फाइल चार जणांकडे व्हॉट्सॲपवर फिरली, मधे एकदा टायपिंग सेंटरवर गेली आणि छापून आली. छापलेल्या प्रतीत वाक्य होतं: "कार्यकारी मंडळात महिला सदस्यांचा समावेश करता येईल."

"असतील" गेलं आणि "करता येईल" आलं. कायद्याच्या भाषेत या दोन शब्दांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. पहिल्यात बायका नसतील तर मंडळच अपुरं. दुसऱ्यात बायका घेतल्या तर मेहेरबानी. फाइल उघडून सगळ्यांनी पाहिली, त्या वाक्यावर एकही लाल रेघ नव्हती. "बघ, कोणी काही बदललेलंच नाही, तुझ्याच लक्षात नीट राहिलं नसेल," असं तिला सांगण्यात आलं. मग तिचा मला फोन आला.

तिची अडचण सोडवताना जे जे तपासलं तेच तुम्हाला सांगतो, कारण तपासाचा क्रम कायम तोच असतो.

पहिली शंका घ्यायची ती डोळ्यांवर. रिव्ह्यू टॅबमध्ये ट्रॅक चेंजेसच्या शेजारी एक छोटी खिडकी असते. तिच्यात चार पर्याय असतात: सिंपल मार्कअप, ऑल मार्कअप, नो मार्कअप आणि ओरिजिनल. सिंपल मार्कअप असेल तर फक्त समासात उभी रेघ दिसते. नो मार्कअप असेल तर काहीच दिसत नाही, कागद धुतल्यासारखा स्वच्छ. पण हा फक्त चष्मा आहे. दुरुस्त्या फाइलमध्ये असतातच. "दिसत नाहीत" म्हणणाऱ्या फोनांपैकी निम्मे ऑल मार्कअप निवडलं की संपतात. फोनवर फाइल नुसती प्रिव्ह्यूमध्ये पाहिली असेल तर लॅपटॉपवर उघडून पाहा, फोनचा भरवसा धरू नका.

विश्वास बसत नसेल तर एक प्रयोग करा. डॉक्सएक्स फाइल ही मुळात झिप फाइल असते. तिची एक नक्कल घ्या, नावाच्या शेवटचं डॉक्सएक्स काढून झिप लिहा आणि उघडा. आत वर्ड नावाच्या फोल्डरमध्ये डॉक्युमेंट नावाची एक्सएमएल फाइल सापडेल. ती नोटपॅडमध्ये उघडा. जिथे शब्द घातला तिथे इन्स अशी खूण, जिथे खोडला तिथे डेल. प्रत्येक खुणेला करणाऱ्याचं नाव, तारीख आणि वेळ. खोडलेला शब्द जसाच्या तसा तिथे पडलेला असतो.

याची किंमत मोठमोठ्यांनी मोजली आहे. लेबनॉनचे माजी पंतप्रधान रफिक हरीरी यांच्या हत्येची चौकशी संयुक्त राष्ट्रांतर्फे डेटलेव्ह मेहलिस यांनी केली. ऑक्टोबर २००५ मध्ये त्यांचा अहवाल वर्ड फाइलच्या रूपात बाहेर आला. छापील मजकुरात संशयितांची काही नावं गाळलेली होती. पण फाइलमधल्या दुरुस्त्यांच्या नोंदी तशाच राहिल्या होत्या. पत्रकारांनी त्या उघडल्या, तर गाळलेल्या नावांत सीरियाच्या राष्ट्राध्यक्षांच्या भावाचं आणि मेहुण्याचं नाव निघालं, आणि ती नावं कधी गाळली गेली तेही दिसलं. जगभर गाजलं ते प्रकरण. म्हणून जिल्हाधिकारी कार्यालयाला किंवा वर्तमानपत्राला फाइल पाठवायची असेल, तर आधी सगळ्या दुरुस्त्या ॲक्सेप्ट किंवा रिजेक्ट करून घ्या, कॉमेंट काढा, फाइल मेनूतल्या इन्स्पेक्ट डॉक्युमेंटने तपासा आणि पीडीएफ पाठवा. हेडर, फूटर आणि तळटीपा विसरू नका, दुरुस्त्या तिथेही दडून बसतात. छापताना बाजूला फुगे येऊन मजकूर बारीक झाला असेल, तर प्रिंटच्या सेटिंगमध्ये प्रिंट मार्कअपवरची खूण काढा. त्याने कागद स्वच्छ येईल, फाइल मात्र स्वच्छ होणार नाही.

तिच्या फाइलमध्ये ऑल मार्कअप केलं, तर बाकी ठिकाणी बऱ्याच लाल रेघा दिसल्या. त्या कलमावर नव्हती. म्हणजे दुसरी शक्यता उरली: बदल झाला तेव्हा नोंद बंद होती. हे फार सोपं आहे. ट्रॅक चेंजेस बंद करायचं, शब्द बदलायचा, पुन्हा चालू करायचं. नव्या वर्डमध्ये तर चालू करतानाच विचारतात, फक्त माझ्यासाठी की सगळ्यांसाठी? जस्ट माइन निवडलं असेल तर तुमच्या दुरुस्त्या नोंदल्या जातात, दुसऱ्याच्या नाही. मसुदा फिरवायचा असेल तर फॉर एव्हरीवन निवडा आणि लॉक ट्रॅकिंगने पासवर्ड घाला. मग पासवर्डशिवाय नोंद बंद करता येत नाही आणि ॲक्सेप्ट-रिजेक्टही करता येत नाही. बटणं राखाडी झालीत, दाबली जात नाहीत, अशी तक्रार येते तेव्हा बहुतेक वेळा हेच कुलूप असतं, नाहीतर रिस्ट्रिक्ट एडिटिंग लावलेलं असतं. पण ही सुरक्षेची सोय नाही, असं वर्ड स्वतःच त्या खिडकीत लिहितं. मजकूर कॉपी करून नव्या फाइलमध्ये चिकटवला की कुलूप गेलं. मशिदीबाहेर चपलांच्या कपाटाला लावलेलं कुलूप असतं ना, तितपतच त्याचा उपयोग. नेक माणसाला आठवण राहते.

मग खरा पुरावा कुठे? जुन्या प्रतीत. तिच्या ईमेलमध्ये समितीने मंजूर केलेली पहिली फाइल होती. रिव्ह्यूमध्ये कंपेअर नावाचं बटण आहे. एका बाजूला जुनी प्रत द्या, दुसऱ्या बाजूला नवी, वर्ड स्वतः तिसरी फाइल तयार करून सगळे फरक लाल रेघांनी दाखवतं. मग कोणी नोंद चालू ठेवली होती की बंद, याने काही बिघडत नाही. एक लक्षात ठेवा, दोन्ही फायलींत आधीच्या प्रलंबित दुरुस्त्या असतील तर तुलनेपुरत्या त्या ॲक्सेप्ट झाल्या असं वर्ड धरतं. लिबरऑफिस वापरत असाल तर एडिट मेनूत ट्रॅक चेंजेसखाली कंपेअर डॉक्युमेंट आहे, तेही फुकट. गुगल डॉक्समध्ये जुन्या आवृत्त्या आपोआप साठतात. तिथे सगळ्यांना सजेस्टिंगमध्येच काम करायला सांगा, म्हणजे निम्मं भांडण मिटतं.

आम्ही फिरलेल्या पाचही प्रती ओळीने एकमेकींशी ताडून पाहिल्या. तिसऱ्या आणि चौथ्या प्रतीच्या मधे ते वाक्य बदललं होतं. कोणी बदललं ते मात्र कळलं नाही, आणि मी त्याच्या मागेही लागलो नाही. याचं कारण नीट समजून घ्या. दुरुस्तीवर येणारं नाव माणसाचं नसतं, त्या संगणकावर ऑफिस बसवताना जे नाव टाकलं त्याचं असतं. टायपिंग सेंटरच्या यंत्रावर ते एचपी असतं, ॲडमिन असतं, नाहीतर मालकाच्या मुलाचं असतं. फाइल मेनूत ऑप्शन्समध्ये जनरलखाली यूजर नेम आहे, तिथे काम सुरू करण्याआधी आपलं नाव लिहा. आधीच्या दुरुस्त्यांवरचं नाव त्याने बदलत नाही. आणि सगळ्या दुरुस्त्यांवर नुसतं "ऑथर" येत असेल, तर सेव्ह करताना वैयक्तिक माहिती काढून टाकण्याचं सेटिंग चालू आहे. कोणीतरी इन्स्पेक्ट डॉक्युमेंट चालवून गेलं की ते चालू होतं. तिथेच माहिती साठवू द्या असा दुवा आहे, तो दाबा. गेलेली नावं परत येत नाहीत, पुढची नीट लागतात.

हदीसच्या अभ्यासात इस्नाद असते, कोणी कोणाकडून ऐकलं त्याची साखळी. साखळीतला एक माणूस अनोळखी निघाला की रिवायत कमजोर ठरते. "एचपी"ने केलेली दुरुस्ती तशीच. वेळेवरही फार भिस्त नको. ती संगणकाच्या घड्याळावरून येते, आणि वर्डने कित्येक वर्षं स्थानिक वेळ लिहून तिच्यापुढे जागतिक वेळेची खूण लावली आहे. ती खूण खरी मानली तर आपल्याकडे साडेपाच तासांचा घोळ होतो. एवढ्यावर कोणाला चोर ठरवणं इन्साफ नाही.

मग झालं काय? सभेत तिने दोन्ही वाक्यं वाचून दाखवली. हा बदल समितीने केलेला नाही, ज्यांना तो हवा आहे त्यांनी आता उघड मांडावा, एवढंच म्हणाली. तेव्हा दोघेजण उठले आणि म्हणाले, तीन बायका मिळायच्या कुठून? चर्चा झाली, आवाज चढले, शेवटी "किमान दोन महिला सदस्य असतील" यावर मतदान झालं. तिची एक जागा गेली. पण "असतील" परत आलं, आणि ज्यांनी विरोध केला त्यांची नावं इतिवृत्तात आली. विरोध करणं त्यांचा हक्कच होता. कुराणातली सर्वांत लांब आयत, सूरह अल-बकराची २८२ वी, देण्याघेण्याचा करार लिहून ठेवण्याबद्दल आहे, लेखकाने कसं लिहावं आणि साक्षीदार कसे असावेत याबद्दल आहे. आपल्या संस्थांमध्ये मात्र "आपसातलीच माणसं आहेत, लिहायचं कशाला" हे वाक्य रोज ऐकू येतं. मला ते आवडत नाही.

आता खास आपल्या भाषेची दुखणी. इंग्रजीतल्या मदतीच्या पानांवर ही सापडत नाहीत, म्हणून जरा थांबून सांगतो.

आपण बालाघाटच्या शेजारी. इथे हिंदी आणि मराठी दोन्ही मजकूर अजून अनेक ठिकाणी कृतिदेव फॉन्टमध्ये टाइप होतो. कृतिदेवमध्ये संगणकाच्या लेखी देवनागरी नसतेच. "कमल" हा शब्द आत डी, ई, वाय या तीन इंग्रजी अक्षरांचा असतो, फॉन्ट फक्त त्यांना क, म, ल यांचा वेष चढवतो. तुमच्या फोनवर तो फॉन्ट नाही, म्हणून तिथे इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसतो. आता ट्रॅक चेंजेस चालू ठेवून कोणी हा मजकूर युनिकोडमध्ये बदलला, तर वर्डच्या दृष्टीने जुनं प्रत्येक अक्षर खोडलं आणि नवं प्रत्येक अक्षर घातलं. अख्खं पान लाल. त्या लाल समुद्रात "असतील"चं "करता येईल" झालेलं कोणाला दिसणार? म्हणून आधी नोंद बंद ठेवून पूर्ण मजकूर युनिकोडमध्ये आणा, मूळ कागदाशी दोघांनी मोठ्याने वाचून ताडून घ्या, ती मूळ प्रत म्हणून वेगळी ठेवा, आणि त्यानंतरच ट्रॅक चेंजेस चालू करा.

कृतिदेवची आणखी एक गंमत. वाक्याचं पहिलं इंग्रजी अक्षर मोठं करण्याची ऑटोकरेक्टची सवय तुम्हाला माहीत आहे. कृतिदेवमध्ये लहान डी म्हणजे क आणि मोठा डी म्हणजे अर्धा क्. म्हणजे "कमल"ने सुरू होणारं वाक्य आपोआप "क्मल"ने सुरू होतं आणि त्या बदलावर तुमचं नाव लागतं. त्यात टाइप करायचंच असेल तर ऑटोकरेक्ट बंद करा.

युनिकोडमध्ये आलात तरी सुटका नाही. "शेतकऱ्यांच्या", "दुसऱ्या" या शब्दांतला तो अर्धचंद्रासारखा र आहे ना, तो दोन रीतींनी लिहिता येतो. एक रीत साध्या र ला हलन्त लावून पुढे न दिसणारं, शून्य रुंदीचं जोडचिन्ह घालण्याची. दुसरी रीत ऱ हे नुक्त्याचं स्वतंत्र अक्षर घेऊन त्याला हलन्त लावण्याची. युनिकोडने सुरुवातीला पहिली रीत सांगितली, नंतर दुसरी. जुनी रीतही चालते. डोळ्यांना दोन्ही सारखीच दिसतात, कंपेअरला मात्र दोन वेगळे शब्द दिसतात. काहीही न बदलता "शेतकऱ्यांच्या" खोडून पुन्हा "शेतकऱ्यांच्या" घातलंय असं दिसलं की वेडे होऊ नका, दोघांचे कीबोर्ड वेगळे आहेत. आपल्या नावांचंही तसंच. ज़किया, फ़ातिमा असं नुक्ता देऊन लिहिलं, तर ज़ हे एकच अक्षर असू शकतं किंवा ज आणि नुक्ता अशी जोडी असू शकते. यादीत नाव समोर दिसतं आणि शोधल्यावर सापडत नाही, त्याचं एक कारण हे असतं. उपाय असा: तुलनेआधी दोन्ही प्रतींच्या नकला घ्या, नोंद बंद ठेवा, फाइंड-रिप्लेसने सगळीकडे एकच रूप करा आणि मग कंपेअर करा. त्याहून बरा उपाय म्हणजे मसुदा समितीने पहिल्या दिवशी एकच कीबोर्ड ठरवावा.

आता सरावाकडे येऊ. सरावाला मी मुद्दाम वक्फचा कायदा घेतला आहे. ८ ऑगस्ट २०२४ रोजी सुधारणा विधेयक लोकसभेत आलं, संयुक्त समितीकडे गेलं आणि एप्रिल २०२५ मध्ये दोन्ही सभागृहांत मंजूर झालं. आपल्यापैकी बहुतेकांनी त्यावर फॉरवर्ड वाचले, विधेयक वाचलं नाही. वाचायला घेतलं तर कळतही नाही. कारण सुधारणा विधेयकात फक्त दुरुस्त्या असतात: अमुक कलमातले अमुक शब्द वगळा, त्याजागी तमुक घाला. म्हणजे मूळ मजकुराशिवाय नुसत्या लाल रेघा. त्या १९९५ च्या कायद्यावर ठेवल्याशिवाय अर्थ लागत नाही.

पेनड्राइव्हवर १९९५ च्या कायद्याचा मजकूर आहे, शिवाय २०२४ चं विधेयक आणि २०२५ मध्ये मंजूर झालेला कायदा आहे. दोघादोघांचे गट करा. एकाने यूजर नेममध्ये "विधेयक २०२४" लिहायचं, दुसऱ्याने "कायदा २०२५". नोंद चालू करून दोघांनी आपापल्या दुरुस्त्या मूळ मजकुराच्या वेगवेगळ्या नकलांवर चढवायच्या आणि शेवटी कंपेअर करायचं. कलम ३ मधल्या वक्फच्या व्याख्येपासून सुरुवात करा. "वापराने वक्फ" हा प्रकार विधेयकात वगळलेला दिसेल. मंजूर कायद्यातही तो वगळलेलाच आहे, पण तिथे समितीनंतर आलेलं एक परंतुक जास्तीचं सापडेल: कायदा लागू होण्याआधी नोंदलेले असे वक्फ कायम राहतील, मात्र वादातली किंवा सरकारी मालमत्ता सोडून. आपल्या गावच्या कब्रस्तानाची नोंद झालेली आहे की नाही, हा प्रश्न त्या एका परंतुकामुळे किती मोठा होतो, ते दोघांनी बोलून एका कॉमेंटमध्ये लिहा. कॉमेंटवर आपलं खरं नाव ठेवा. जेवणाआधी कलम ३ एवढं पुरे, बाकीचं घरी करा.